चमच्यात वळलेलं अंडं

भाजी वाढायचा मोठा, लांबट, खोलगट चमचा असतो ना, तो घ्या. आतून तुपाचं बोट फिरवा. काजूच्या मऊ गोळ्यातून लिंबाएवढा तुकडा तोडा, पुरीसारखा लाटा आणि चमच्यात बसवा. अंगठ्याने दाबत दाबत कडेपर्यंत आणा. बाहेर आलेला भाग सुरीने सपाट कापून टाका. हे झालं अर्धं अंडं. दुसरं अर्धं त्याच चमच्यात. दोन्ही रात्रभर वाळू द्यायची, सकाळी आत चार गोळ्या ठेवायच्या, कडांना साखरेचं आयसिंग लावून दोन्ही अर्धुकं जोडायची आणि सांधा दिसू नये म्हणून त्यावर नक्षी काढायची. वसईत, वांद्र्याला, भायखळ्याला ईस्टरच्या आधी बेकरीच्या काचेमागे जे गुलाबी, पिवळं, पोपटी अंडं दिसतं आणि ज्याच्यासमोर मुलं आईचा हात धरून थबकतात, ते एवढंच असतं.

‘एवढंच’ म्हणायला मला काही वर्षं लागली. ओव्हन लागत असेल, खास साचे लागत असतील, परदेशी सामान लागत असेल, अशी माझी पक्की समजूत. वसईला राहायला गेल्यावर शेजारच्या मावशींनी ती दोन वाक्यांत मोडली. “काजूकतली येते ना तुला? मग साखर जास्त घाल आणि थापू नकोस, वळ.”

त्या बोलल्या ते खरंच आहे. हे अंडं मार्झिपॅनचं. युरोपात मार्झिपॅन म्हणजे बदामाची पूड आणि साखर. जर्मनीतलं ल्यूबेक, स्पेनमधलं टोलेडो, इटलीतली सिसिली ही त्याची जुनी घराणी. सिसिलीत तर त्याची हुबेहूब फळं करतात, अंजिराला चीरसुद्धा पडलेली असते. पोर्तुगीज ही मिठाई आपल्या किनाऱ्यावर घेऊन आले, पण बदाम इथे पिकत नव्हता. त्याच पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणला होता. ब्राझीलमधल्या तुपी लोकांचा शब्द ‘अकाजू’, पोर्तुगीजांचा ‘काजू’, आपलाही काजूच. कोकणची लाल माती त्याला अशी मानवली की तो परका होता हे आज कुणाच्या ध्यानातही नसतं. १५३४ ते १७३९ एवढा काळ वसई पोर्तुगीजांकडे होती. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. पण बदामाच्या जागी काजू घालून केलेलं मार्झिपॅन मुंबई, वसई आणि गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आजही आहे. वास मात्र लोकांना बदामाचाच हवा असतो, म्हणून त्यात बदामाच्या अर्काचे दोन थेंब पडतात. ज्या वासाला आपण ‘बदामी’ म्हणतो तो साध्या गोड बदामाला फारसा येतोच असं नाही. तो कडू बदामाचा वास. काजू बिचारा सौम्य, दुसऱ्याचा वास मुकाट्याने मिरवतो. गोव्याकडे पुष्कळजण अर्काऐवजी गुलाबपाणी घालतात आणि मला स्वतःला तेच आवडतं.

आता ईस्टरला अंडंच का, हे मुलं विचारणारच. मळताना हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं.

ईस्टर म्हणजे येशू ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा रविवार. वरून दगडासारखं निश्चल असलेलं अंडं आतून फुटतं आणि जिवंत पिल्लू बाहेर येतं, ही उपमा उघडच आहे आणि धर्मोपदेशकांनी ती पुष्कळ वापरलीही आहे. मला त्यामागचं स्वयंपाकघरातलं कारण जास्त पटतं. ईस्टरच्या आधी राखेच्या बुधवारापासून उपवासकाळ सुरू होतो. त्याचे दिवस ४० म्हणतात. मधले रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून कॅलेंडरवर मोजले तर ४६ भरतात. मध्ययुगीन युरोपात या दिवसांत मांसाबरोबर अंडीही वर्ज्य होती. पण कोंबडीला उपवास कोण सांगणार? कोंबडीचं अंडी घालणं दिवसाच्या उजेडावर चालतं. थंडीच्या छोट्या दिवसांत तिकडच्या कोंबड्या जवळपास थांबतात आणि वसंतात दिवस लांबले की धडाक्याने सुरू होतात. म्हणजे खायला बंदी आणि ऐन हंगाम, दोन्ही एकाच वेळी. घरोघरी अंडी साठत जायची. ईस्टरच्या सकाळी बंदी उठली की ती उकडायची, रंगवायची, वाटायची. इंग्लंडच्या राजा पहिल्या एडवर्डच्या १२९० सालच्या हिशेबात ४५० अंड्यांची नोंद आहे: किंमत १८ पेन्स. सोन्याचा वर्ख लावून आणि रंगवून ती दरबारातल्या लोकांना भेट द्यायची होती. मिठाईवर वर्ख लावायची हौस आपलीच नव्हे.

अंडी घालणारा ससा हा मात्र मुलांना गोंधळात टाकणारा प्रकार आहे. “ससा अंडी कुठे घालतो?” असं आमच्या शेजारच्या तिसरीतल्या मुलीने विचारलं तेव्हा तिच्या सुरात परिसर अभ्यासाच्या बाईंचा धाक होता. हा ससा जर्मन. १६८२ साली गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ या वैद्याने ईस्टरच्या अंड्यांवर लॅटिनमध्ये एक प्रबंध लिहिला. आल्सास भागातले लोक मुलांना सांगतात की ईस्टरचा ससा बागेतल्या गवतात अंडी लपवतो, असं त्यात आहे. आणि वैद्यच तो, त्यामुळे फार अंडी खाल्ल्याने काय काय बिघडतं हेही त्याने लिहून ठेवलं आहे. पुढे जर्मन लोक अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियाला गेले, ससा त्यांच्या सामानात गेला आणि तिथून जगभर पसरला. ‘ईस्टर’ हा शब्द इश्तार देवीवरून आला, असा एक निरोप दरवर्षी मोबाइलवर फिरतो. त्यात तथ्य नाही. बहुतेक भाषांत या सणाचं नाव ज्यूंच्या पेसाह सणावरून आलं आहे. पोर्तुगीजांत पास्कुआ, आणि आपल्या शेजारच्या कोंकणीत ‘पास्कांचें फेस्त’.

तारखेचं कोडंही मुलांना आवडतं, विशेषतः घरात कालनिर्णय टांगलेलं असेल तर. नियम असा की २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. चर्चचा चंद्र कोष्टकातला असतो, आकाशातल्या चंद्राशी त्याचं कधीकधी एखाद-दुसऱ्या दिवसाने जमत नाही. तरी कालनिर्णयात बघा: २०२४ मध्ये ईस्टर ३१ मार्चला, होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी आला. २०२५ मध्ये २० एप्रिलला, म्हणजे हनुमान जयंतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी, आणि २०२६ मध्ये ५ एप्रिलला, म्हणजे हनुमान जयंतीनंतरच्या लगेचच्या रविवारी. पाडव्याला गुढीवर साखरेची गाठी चढते आणि त्याच्याच आगेमागे बेकरीत साखरेचं अंडं दिसू लागतं. दोन्ही पाकाचीच कामं. त्यामुळे ज्या घरात गाठी, हलवा, कतली यांची ओळख आहे, त्या घराला ईस्टरचं अंडं अवघड जायचं काही कारण नाही.

आता कृती. पाव किलो काजू, पाव किलो साखर, ८० मिलिलिटर पाणी, लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब, चमचाभर गुलाबपाणी, आणि मळताना लागेल तशी, साधारण ५० ग्रॅम, पिठीसाखर. काजूकतलीत साखर काजूच्या निम्म्याच्या आसपास असते. इथे बरोबरीने आहे, आणि वर पिठीसाखर. ही गोडाची हौस नव्हे. जास्त साखर पाणी धरून ठेवते म्हणून गोळा टिकतो, आणि वाळल्यावर आकार सोडत नाही. कतलीचं अंडं करून पाहिलंत तर दोन तासांत ते बसकं होईल.

सगळा खेळ काजू दळण्यात आहे. पहिल्या वर्षी मी मिक्सर सुरू करून फोनवर बोलत राहिले आणि परत येऊन बघते तर भांड्यात काजूचं लोणी. शंभर ग्रॅम काजूत ४४ ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश असतो. पातं फिरतं, भांडं तापतं, काजूच्या पेशी फुटतात आणि ते तेल सुटतं. एकदा सुटलं की परत आत जात नाही. गोळा तेलकट होतो, त्यावर रंग बसत नाही, आयसिंग घसरतं. म्हणून काजू कोरडे हवेत, मिक्सरचं भांडं गार हवं, आणि बटण दाबायचं नि सोडायचं, दाबायचं नि सोडायचं. मोजलेल्या साखरेतली दोन चमचे साखर काजूबरोबर घातली तर ती सुटलेलं तेल शोषते. मग चाळणी. चाळणीचं काम मुलांना द्या, त्यांना ते प्रचंड आवडतं आणि ओट्यावर बर्फ पडल्यासारखं दिसतं. वर राहिलेला रवा पुन्हा फिरवायचा.

गॅसजवळचं काम मोठ्यांचं, यात तडजोड नाही. साखरेचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा तापतो आणि अंगावर उडाला तर चिकटून बसतो. साखर, पाणी, लिंबाचे थेंब एकत्र करून एकतारी पाक करा. लिंबू चवीसाठी नाही. आंबटपणामुळे साखरेचा थोडा भाग विघटित होतो आणि उरलेल्या साखरेला पुन्हा खडे होऊ देत नाही; तो नसेल तर दुसऱ्या दिवशी अंडं दाताखाली करकरतं. पाकात काजूची पूड घालून मंद आचेवर सतत ढवळा. सुरुवातीला ते पिठल्यासारखं रटरटतं, मग जड होतं, मग कढईच्या कडा सोडून मध्ये जमा होतं. चमचाभर काढून ताटलीत ठेवा, निवल्यावर त्याची गोळी वळली आणि बोटाला चिकटली नाही की झालं. गुलाबपाणी शेवटी. जुन्या पद्धतीत पाकाऐवजी अंड्याचा पांढरा भाग घालून ते शिजवतात. मावशी तसंच करतात आणि त्यांच्या अंड्याला येणारी गुळगुळीत तकाकी माझ्याला येत नाही, हे कबूल. पण शाकाहारी घरातली मुलंही आमच्याकडे येतात, म्हणून मी पाकाचंच करते.

गोळा कोमट झाला की तो मुलांच्या ताब्यात. तळव्याला तुपाचा थेंब, परातीत पिठीसाखर, आणि पोळीची कणीक मळतो तसं मळायचं. फार मळू देऊ नका, हाताच्या उबेनेही तेल सुटतं. रंग घालताना पातळ रंग टाळा, गोळा ओला होतो. पूड किंवा जेल रंग काडीच्या टोकावर येईल एवढाच घ्या. फिकट रंगांची अंडी चांगली दिसतात, पण हे मुलांना सांगून उपयोग नाही. त्यांना भडक हवं असतं. आमच्याकडे एका मुलाने सगळे रंग एकत्र मळून शेणाच्या रंगाचं अंडं केलं आणि ते डायनोसॉरचं आहे असं ठणकावून सांगितलं. मग बाकीच्यांनाही डायनोसॉरचीच हवी झाली.

चमचा सुरुवातीला सांगितलाच. प्लास्टिकचे अंड्याचे साचे मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास केकच्या सामानाच्या दुकानात मिळतात, पण मुलांसाठी चमचाच बरा, कारण प्रत्येकाच्या हातात एकेक येतो आणि रांग लागत नाही. भिंतीची जाडी तीन-चार मिलिमीटर, म्हणजे जाड भाकरीएवढी. पातळ झाली तर अर्धुक उचलताना दुमडतं. वाळवायला पंखा पुरतो, उन्हात ठेवू नका. पाच वर्षांखालच्या मुलांना पोकळ अंडं जमत नाही, आणि जमावं असा हट्टही नको. त्यांनी भरीव वळावं: लाडू वळायचा, मग एका बाजूने तळव्यावर पुढे-मागे फिरवून निमुळता करायचा. आत काही ठेवायचं तर त्यांच्यासाठी मनुका ठेवा, घट्ट गोळ्या नाहीत; त्या वयात घशात अडकतात.

आयसिंगचं खरं रूप, ज्याला रॉयल आयसिंग म्हणतात, ते कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या भागात पिठीसाखर फेटून होतं. एका अंड्याच्या पांढऱ्याला साधारण पाव किलो पिठीसाखर. ते दगडासारखं वाळतं आणि सांध्याला तेच उत्तम. पण कच्च्या अंड्यातून साल्मोनेलाची बाधा होऊ शकते, आणि मुलं बोटं चाटल्याशिवाय राहत नाहीत. म्हणून वाटीभर पिठीसाखरेत लिंबाचा रस थेंबाथेंबाने घाला. थेंबाथेंबाने हा शब्द शब्दशः घ्या, कारण अर्धा चमचा जास्त झाला की ताक होतं. पोत चक्क्यासारखा हवा: चमच्याने उचलला तर टोक उभं राहतं आणि मग हळूच मान टाकतं. भरायला बटर पेपरचा कोन करा. आमच्याकडच्या मुलींना हे शिकवावं लागलं नाही, मेंदीचा कोन वळतात तसा त्यांनी भराभर वळला, टोकाला टाचणी लावली आणि मला विचारलं, “काकू, भोक किती बारीक ठेवू?” सांध्यावर ठिपक्यांची माळ, मध्ये एक पाच पाकळ्यांचं फूल, खाली नाव. मेंदीतली कैरी अंड्याच्या गोलाईवर फार सुंदर बसते. करंजीचं कातणं पातळ लाटलेल्या पट्टीवरून फिरवलं तर झालरीची किनार तयार. दिवाळीनंतर ते कातणं खणात पडूनच असतं.

काजूचा भाव आणि दोन दिवसांचा खटाटोप नको असेल तर खऱ्या अंड्याकडे वळा. त्यात मुलांना जास्त चमत्कार दिसतो, असं माझं मत.

दहा-बारा कांद्यांची सुकी सालं साठवा. पांढऱ्या कवचाची अंडी घ्या. अंडं ओलं करून त्यावर कोथिंबिरीचं एकच पान, सगळ्या कातऱ्या उलगडून, चिकटवा. जुन्या पायमोज्याचा किंवा जाळीदार ओढणीचा तुकडा वरून ताणून बसवा आणि मागे दोऱ्याने गच्च बांधा. हे बांधायचं काम दोघांचं: एकाने धरायचं, एकाने गाठ मारायची, आणि पान सरकलं की भांडायचं. अंडी बुडतील एवढ्या पाण्यात सालं आणि दोन चमचे व्हिनेगर घाला, अंडी सोडा, बारा मिनिटं उकळा, मग त्याच पाण्यात निवू द्या. गार झाल्यावर दोरा कापा, कापड काढा, पान सोलून टाका. विटकरी तांबूस कवचावर कोथिंबिरीचं पांढरं पान उमटलेलं असतं, शिरेसकट. ते पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाच्या तोंडाकडे बघा, अंड्याकडे नंतर बघितलंत तरी चालेल.

व्हिनेगर कशाला, हे लगेच दाखवता येतं. एक अंडं नुसत्या व्हिनेगरमध्ये ठेवा. कवचावर बारीक बुडबुडे धरतात. कवच जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे खडूचं भावंड. आम्ल लागलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, पृष्ठभाग जरा खरवडला जातो आणि रंग धरायला जागा होते. हळदीने पिवळं होतं, बिटाने गुलाबी, पण ते लवकर फिकटतं. जांभळा कोबी उकळून केलेलं पाणी व्हिनेगर घातल्यावर गुलाबीसर दिसतं, आणि त्यात रात्रभर ठेवलेलं अंडं सकाळी निघतं ते निळं. कोबीतला रंग आंबटात लालसर आणि त्याच्या उलट ठिकाणी निळा होतो, आणि खडूचं कवच हे ते उलट ठिकाण. आठवीतल्या मुलाला लिटमस आठवलं पाहिजे. नाही आठवलं तर तुम्ही आठवण करून देऊ नका, सुट्टी आहे त्याची.

धाकट्यांना मेणाचे खडू द्या. आधी अंड्यावर खडूने जोर देऊन रेघा ओढायच्या, मग ते रंगाच्या पाण्यात बुडवायचं. मेण लागलं तिथे रंग बसत नाही. युक्रेनमधली पिसांका नावाची प्रसिद्ध अंडी याच तत्त्वावर होतात. तिथे बारीक नळीच्या लेखणीने वितळलेलं मेण ओढतात, फिकट रंगापासून गडद रंगापर्यंत एकेका रंगात बुडवत जातात आणि शेवटी ज्योतीजवळ धरून मेण पुसून काढतात. तेव्हा सगळे रंग एकदम दिसतात. ती कला २०२४ साली युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. ग्रीसमध्ये अंडी परंपरेने लाल रंगवतात आणि एकमेकांच्या अंड्यावर आपटतात. ज्याचं फुटत नाही तो जिंकला. हा खेळ आमच्या जिन्यात झाला आहे, त्याबद्दल मी सोसायटीची माफी मागितलेली आहे. उकडलेली अंडी त्याच दिवशी खाऊन संपवा. एप्रिलच्या उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त वेळ बाहेर राहिलेलं अंडं मी मुलांना देत नाही.

चॉकलेटचं अंडं राहिलं. पोकळ चॉकलेटचं अंडं ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने १८७३ साली बाजारात आणलं, कॅडबरीने दोन वर्षांनी. चांगल्या चॉकलेटातली कोकोची चरबी ३४ अंशांच्या आसपास वितळते. वसईत एप्रिलच्या दुपारी पाराही तिथेच असतो. आपल्याकडे काजूचं अंडं टिकलं त्यात या हवेचा हात असावा, असा माझा अंदाज. घरी करायचंच तर अंडं न करता घरटं करा आणि कंपाउंड चॉकलेट वापरा. त्यात कोकोच्या चरबीऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, चव जरा कमी, पण ते नुसतं वितळवून ओतलं की नीट घट्ट होतं. बारीक शेवया थोड्या तुपात बदामी भाजून गार करा. २०० ग्रॅम चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवा, शेवया शंभर ग्रॅम. भांड्यात वाफेचा एक थेंब जरी पडला तरी चॉकलेट आखडून चिखल होतं, म्हणून वरचं भांडं खालच्यापेक्षा मोठं घ्या. दोन्ही मिसळून अप्पेपात्राच्या खळग्यांत, खाली बटर पेपरचा तुकडा घालून, भरा. मध्ये अंगठ्याने खळगा करा. फ्रिजमध्ये वीस मिनिटं.

त्यात ठेवायला उरलेल्या काजूच्या गोळ्याची बोराएवढी अंडी. रंग फिकट निळसर हिरवा. नव्या टूथब्रशवर गुलाबपाण्यात कालवलेली कोको पावडर घ्या आणि अंगठ्याने ब्रशचे केस मागे ओढून सोडा. अंड्यांवर, टेबलावर आणि कपाळावर तपकिरी ठिपके उडतात. अशी निळसर, ठिपक्यांची अंडी खरोखर कुणाची असतात, हे मुंबईतल्या मुलालाही बाहेर बघून सांगता येतं: कावळ्याची. त्याची घरटी बांधायची वेळही साधारण हीच. आमच्याकडच्या त्या तिसरीतल्या मुलीने एका घरट्यात तीन अंडी ठेवली आणि चौथं मुद्दाम थोडं लहान आणि जरा करड्या रंगाचं वळलं. ते कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाली, “कोकिळेचं. कावळ्याला सांगू नका.”

आता ही सगळी ठेवायची कशी? फ्रिजमध्ये उघडी ठेवली तर बाहेर काढल्यावर काजूच्या अंड्याला घाम येतो, रंग ओघळतो. डब्यात टिश्यू पेपर घालून, झाकण घट्ट लावून, बाहेर गार जागी ठेवा. दहा-बारा दिवस राहतात. खरा शत्रू मुंग्या. डबा पाण्याच्या परातीत मधोमध ठेवायचा, पूर्वी दुधाचं भांडं ठेवायचे तसा. एक वर्ष मी परातीतलं पाणी आटलेलं पाहिलं नाही, आणि पवित्र शनिवारी सकाळी डबा उघडला तर प्रत्येक फुलाच्या मधोमध काळा, हलणारा ठिपका. मुलांना आधी वाटलं, ती नक्षीच आहे.